पाईक आणि काठावरची मंडळी

धैर्य कशाला म्हणावे, भ्याडपणा कशाला म्हणावे आणि युद्धावर गेलेल्या माणसाविषयी साधकाने कोणती बुद्धी ठेवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय रणांगणाचा; टाळकऱ्यांनी त्याची उठाठेव कशाला करावी, असे कोणी म्हणेल. पण गीता सांगितली गेली ती रणांगणावरच. आणि तुकोबारायांनी पाइकावर अभंग रचून खरा पाईक व पोटापुरता पाईक यांतला भेद दाखवून ठेवला आहे. तेव्हा विषय आपल्या घरचाच आहे.

निमित्त असे घडले. गेल्या चैत्रात आगरदांड्यास सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दिघीला जाण्यासाठी बोटीची वाट पाहत आम्ही धक्क्यावर बसलो होतो. एक कॉलेजात शिकणारा मुलगा जवळ आला, पाया पडला आणि म्हणाला, “बुवा, काल तुम्ही कीर्तनात यशवंत घाडग्यांचं नाव घेतलंत. पण ते तर इंग्रजांच्या फौजेत होते. इथं लोक तुरुंगात जात होते, तेव्हा ते इंग्रजांचा पगार घेत होते. मग त्यांना शूर कसं म्हणायचं?” आम्ही उत्तराला सुरुवात करतो तोच बोट लागली. उत्तर अर्धे राहिले, ते येथे पुरे करतो.

नाईक यशवंत घाडगे आपल्याच रायगड जिल्ह्यातले, माणगाव तालुक्यातील पळसगावचे. मराठा पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले सगळे पडले, कोणी मेले, कोणी जखमी झाले. उभे राहिले ते एकटे घाडगे. मागे फिरले असते तर कोणी बोल लावला नसता. पण ते एकटेच त्या मशीनगनवर धावून गेले. बाँब टाकून ती बंद पाडली, एकाला गोळी घातली. बंदुकीत गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून तीच उलटी धरून उरलेल्या दोघांशी झुंजले. शेवटी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तेथेच पडले. वय अवघे २२ वर्षांचे. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

आता दुसरे चरित्र पाहा. विनोबाजीही याच जिल्ह्यातले, पेण तालुक्यातील गागोद्याचे. त्याच महायुद्धात, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, वर्ध्याजवळ पवनार येथे त्यांनी युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. या युद्धाला माणसांची वा पैशाची मदत करू नका, असे उघड सांगितले आणि तुरुंगाची वाट धरली.

जिल्हा एक, युद्ध एक. एक पुत्र ते लढता लढता मेला, दुसरा ते नाकारून तुरुंगात गेला. येथे शंका अशी येते की, एकाला शूर म्हटले तर दुसरा भ्याड ठरत नाही काय? समाधान असे. युद्ध न्याय्य की अन्याय्य, हा एक प्रश्न. माणूस धीराचा की भेकड, हा दुसरा. या दोहोंची गल्लत केली म्हणजे सगळा घोटाळा होतो. धैर्याची ओळख एकच : आपल्या म्हणण्याची किंमत माणूस स्वतः मोजतो की दुसऱ्याच्या अंगावर टाकतो? घाडग्यांनी प्राण दिला. विनोबांनी कारावास पत्करला. दोघांनीही किंमत पदरची मोजली. म्हणून दोघेही वंद्य.

मग भ्याड कोण? अर्जुनाकडे पाहू. भगवंतांनी त्याच्या स्थितीला क्लैब्य म्हटले, पण अर्जुन मरणाला भ्यालेला नव्हता. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना विनोबांनी हेच उलगडून दाखवले. अर्जुनाच्या तोंडी अहिंसा आली, ती समोर आप्त उभे होते म्हणून. त्यांनी न्यायाधीशाचा दृष्टान्त दिला आहे : अनेकांना फाशी सुनावणाऱ्या न्यायाधीशासमोर स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून आला, तेव्हा त्याला फाशीची शिक्षा अमानुष असल्याचे आठवले! तत्त्व खोटे नसेल. ते आठवण्याची वेळ खोटी आहे.

हीच कसोटी राजकारणाला लावून पाहावी. १९४२ साली काँग्रेसने ‘छोडो भारत’ म्हटले, हिंदुमहासभा तरुणांना फौजेत जा म्हणत होती, आणि साम्यवादी पक्षाला साम्राज्यशाहीचे वाटणारे युद्ध, १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने रशियावर चाल केल्यानंतर, पुढे लोकयुद्ध वाटू लागले. यांतल्या मतामतांची चिकित्सा आम्ही करीत नाही. एवढेच दाखवावयाचे की, ज्या फौजेला कोणी इंग्रजांचे भाडोत्री म्हणे, तिच्याच मराठा पलटणींतले जवान १९४७-४८ मध्ये काश्मिरात लढले, आणि तेव्हा सारा देश त्यांचे नाव घेऊ लागला. जवान तोच. पालटले ते आमचे वारे.

आता आमचीच गोष्ट सांगतो. ती सांगितल्यावाचून हा लेख लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही. १९८७ साली आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. १,१०० हून अधिक जवान तेथे कामी आले. मार्च १९९० मध्ये सेना परतली, तेव्हा मद्रासला तिच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री गेले नाहीत. तमिळ बांधवांवरच शस्त्र चालले, हे त्यांचे दुःख होते. पण जवानाने कोठे जावे, हे जवान ठरवीत नसतो.

त्याच उन्हाळ्यात खाडीकाठच्या एका गावी आमचे कीर्तन होते. तेथला एक जवान लंकेहून लंगडत घरी आला होता. कीर्तनाआधी ओट्यावर मंडळी बसली असता गावचे एक पुढारी म्हणाले, “दुसऱ्याच्या भांडणात गेला नि मार खाऊन आला!” सगळे हसले. आम्हीही हसलो. हसू आले नव्हते. पण बिदागी आणि पुढल्या वर्षीचे आमंत्रण त्या गृहस्थांच्या हाती होते. तो जवान चार हातांवर उभा होता, त्याने ऐकले. रात्री आम्ही अभयावर निरूपण केले, गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांत अभय पहिले का, हे घोळून घोळून सांगितले. तो शेवटच्या ओळीत बसला होता. आरतीला उभा राहिला नाही, प्रसाद न घेता निघून गेला. दोन वर्षांनी गेलो तेव्हा कळले, तो मुंबईला राखणदारीच्या नोकरीवर गेला. आमची क्षमा मागायची राहिली ती राहिलीच.

त्या दिवशी भ्याड कोण होते, हे सांगायला शास्त्र नको.

तात्पर्य, शिपायाने काहीही केले तरी वाहवा करावी, असे आम्ही म्हणत नाही. निरपराधावर हात टाकला तर तो दोषच. युद्ध चुकीचे वाटले तर तसे जरूर बोलावे. पण ज्याने आज्ञा दिली त्याच्या तोंडावर बोलावे, लंगडत आलेल्याच्या पाठीमागे नव्हे. आणि सगळा ओटा हसत असता न हसणे, हे ज्याला साधले त्याने अभयाचा पहिला धडा गिरवला, असे समजावे.

२०२३ साली इटलीत मोंतोने गावी घाडग्यांच्या नावे एक सूर्यघड्याळ उभारले गेले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे वचन त्यावर आहे. ज्या मातीत हा परका शिपाई पडला, ती त्याला विसरली नाही.

आगरदांड्याच्या त्या मुलाने चारचौघांत कीर्तनकाराला अडवून विचारले, याचे आम्हांस कौतुक वाटते. बाळा, असेच विचारीत जा. फक्त एकदा माणगावला जाऊन त्या पुतळ्यासमोर उभा राहा आणि गागोद्यालाही जाऊन ये. मग तुझे उत्तर तूच दे.

रामकृष्णहरि.