पंचनामा झाला, अनुदान कुठे अडले?

प्रश्न : अतिवृष्टीत माझे दीड हेक्टर कोरडवाहू सोयाबीन गेले. पंचनामा झाला, शेजाऱ्याला पैसे मिळाले, मला नाही. काय करू?

उत्तर : आधी तलाठ्याकडे यादी पाहा. तुमच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक असेल, तर तो आणि आधार कार्ड घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जा. ई-केवायसीसाठी अंगठा लावण्याआधी पडद्यावरचे गट नंबर आणि क्षेत्र नीट वाचा. चूक असेल तर ई-केवायसी पूर्ण न करता तिथेच हरकत नोंदवा. ती तहसीलदारांकडे जाते.

ई-केवायसी झाली असेल तर घोटाळा बहुधा बँकेत असतो. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. ते एखादे जुने, विसरलेले खाते निघते, असे फार वेळा होते. तेही तपासा.

नुकसान 33 टक्के किंवा अधिक असेल तर केंद्राच्या निकषाने कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये, म्हणजे तुम्हाला 12,750 रुपये मिळायला हवेत. पीकविमा वेगळा, अनुदान मिळाले म्हणून विम्याचा हक्क जात नाही. बँकेने अनुदानाची रक्कम कर्जात वळती केली, तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्याच.