लॅपटॉप अचानक बंद पडतो? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा



आज आपण सगळ्यांच्या शाळेत कधी ना कधी येणाऱ्या एका अडचणीबद्दल पाहूया. काम ऐन रंगात आलेलं असतं आणि लॅपटॉप स्वतःहून बंद होतो. ना सूचना, ना आवाज. स्क्रीन एकदम काळी!

आमच्या शाळेत हे झालं ते विद्यार्थ्यांची ऑनलाईन माहिती भरताना. लॅपटॉप पंधरा-वीस मिनिटं चालायचा आणि बंद. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, "व्हायरस आहे, फॉरमॅट मारूया." मी हो म्हणून टाकलं. मुलांच्या वनभोजनाचे, बालसभेचे फोटो, चाचण्यांच्या फाईली, सगळं गेलं. कॉपी ठेवलेली नव्हती, ही चूक माझीच. आणि तिसऱ्या दिवशी लॅपटॉप पुन्हा बंद! तेव्हा चौथीतल्या एका मुलाने लॅपटॉपला खालून हात लावला आणि म्हणाला, "गुरुजी, ह्येका ताप इलो!"

निदान त्याचंच बरोबर होतं. पंख्याच्या जाळीत तांबड्या धुळीचा थर बसला होता.

लॅपटॉप स्वतःहून बंद का होतो?

बहुतेक वेळा तो स्वतःला वाचवत असतो. प्रोसेसर तापला की आधी कामाचा वेग कमी करतो. तरीही तापमान वाढत जाऊन धोक्याच्या पातळीला पोहोचलं, की जळू नये म्हणून यंत्रणा वीज तोडते. दुसरं मोठं कारण म्हणजे थकलेली बॅटरी किंवा खराब चार्जर. रॅम, हार्ड डिस्क, ड्रायव्हर यांचे दोषही असतात, पण सुरुवात सोप्या कारणांपासून करावी.

पायरी १ : आधी नोंद ठेवा

वहीत चार रकाने आखा: वेळ, चार्जर लावला होता का, कोणतं काम चालू होतं, खालची बाजू गरम होती का. चार-पाच नोंदी झाल्या की कारणाचा अंदाज येतो.

- व्हिडिओ किंवा प्रोजेक्टर चालू असताना बंद होतो आणि गरम लागतो: उष्णता.
- चार्जर काढला किंवा लाईट गेली की लगेच बंद: बॅटरी. पावसात आमच्याकडे लाईट सारखी जाते, त्यामुळे ही परीक्षा आपोआप होते. बॅटरी चांगली असेल तर लाईट गेल्याचं लॅपटॉपला कळतसुद्धा नाही.
- वायर हलली की चार्जिंगचा दिवा जातो-येतो: चार्जर किंवा त्याची पिन.
- निळी स्क्रीन येऊन बंद: ड्रायव्हर, रॅम किंवा डिस्क. स्क्रीनवरच्या कोडचा फोटो काढून ठेवा.
- बटण दाबताच उघडलेलं काम जसंच्या तसं दिसतं: तो बंद झालाच नव्हता, झोपला होता. स्लीपची वेळ सेटिंगमध्ये वाढवा.

पायरी २ : हवेची वाट मोकळी करा

लॅपटॉप गादीवर, उशीवर किंवा जाड टेबलक्लॉथवर ठेवू नका. बऱ्याच लॅपटॉपना हवा खालून घ्यावी लागते. कागदाची बारीक पट्टी बाजूच्या जाळीजवळ धरा. पंख्याचा आवाज येतोय पण पट्टी हलत नाही, म्हणजे जाळी तुंबली. लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून मऊ ब्रशने जाळी साफ करा आणि ब्लोअरने थोडी थोडी हवा मारा. ओलं फडकं वापरू नका. तरी फरक पडला नाही तर जाणकाराकडून आतली सफाई करून घ्या आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलायला सांगा. चार-पाच वर्षांत ती सुकलेली असू शकते.

पायरी ३ : बॅटरीचं प्रगतिपत्रक काढा

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. 'पॉवरसीएफजी' टाईप करा, एक स्पेस द्या, मग तिरपी रेघ म्हणजे स्लॅश, आणि त्याला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' असा एकच सलग शब्द. सगळं इंग्रजी अक्षरांत. एंटर दाबल्यावर अहवालाची फाईल कुठे तयार झाली ते तिथेच दिसेल. त्यात दोन आकडे पाहा: डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. समजा पहिला ४०,००० आणि दुसरा १६,००० असेल, तर बॅटरीत ४० टक्केच ताकद उरली. अशी बॅटरी ३० टक्के दाखवत असतानाही दगा देऊ शकते.

महत्त्वाचं: टचपॅड वर उचललेला दिसला किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. लगेच वापर थांबवा, चार्जिंग लावू नका, दाबू किंवा टोचू नका. मुलांना त्यापासून लांब ठेवा.

पायरी ४ : विंडोजची डायरी वाचा

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमच्या नोंदी पाहा. 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसली की बरेच जण घाबरतात. तिचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी लॅपटॉप नीट बंद झाला नव्हता. कारण ती सांगत नाही. '१०७४' दिसली तर अपडेटने किंवा कुणीतरी रीतसर बंद केला होता.

पायरी ५ : एका वेळी एकच बदल

सफाई, नवी बॅटरी आणि फॉरमॅट हे सगळं एकदम केलं तर नेमकं कशाने बरं झालं ते कळत नाही आणि पैसे मात्र जातात. एक बदल करा, दोन-तीन दिवस वापरून पाहा. फॉरमॅट सगळ्यात शेवटी, आणि तोही फाईली पेनड्राईव्हवर व ऑनलाईन अशा दोन ठिकाणी ठेवल्यानंतरच.

वर्गासाठी उपक्रम

कागदाच्या पट्टीचा प्रयोग आणि नोंदवही ही दोन्ही कामं पाचवी ते सातवीच्या मुलांना तुमच्या देखरेखीखाली द्या. उष्णता, हवेचा प्रवाह, टक्केवारी, निरीक्षण हे सगळे घटक एका लॅपटॉपवर शिकवून होतात.

वर्गात एखादं मूल डुलक्या घेत असेल तर आपण आधी विचारतो, "बाळा, सकाळी काही खाल्लंस का?" लगेच शिक्षा करत नाही. लॅपटॉपचंही तसंच. आधी अंगाला हात लावून बघा, मग औषध ठरवा.

आणि हो, आज शाळा सुटायच्या आधी मुलांचे फोटो पेनड्राईव्हवर घ्या. गेलेले परत येत नाहीत.