क्षुल्लक प्रश्न आणि ऐतिहासिक सत्य : जुन्या व्हिडिओ गेमच्या प्रश्नमंजूषांचा एक अभ्यास

मनुष्य जे खेळ खेळतो त्यांच्या आठवणींचाही तो पुढे एक खेळ करतो. क्रिकेटचे शौकीन जुन्या धावसंख्या एकमेकांना विचारतात, चित्रपटसंगीताचे शौकीन गीतकार ओळखावयास सांगतात. त्याच धर्तीवर १९७० ते १९९० या काळातील व्हिडिओ गेमच्या चाहत्यांमध्ये प्रश्नमंजूषेचा छंद देशोदेशी रुजला आहे. 'पॅक-मॅनमधील चार भुतांची नावे कोणती?', 'मारिओ हे पात्र प्रथम कोणत्या गेममध्ये आले?' असे प्रश्न तेथे विचारले जातात आणि त्यांची उत्तरे हिरिरीने दिली जातात. (पहिल्याचे उत्तर ब्लिंकी, पिंकी, इंकी व क्लाइड, दुसऱ्याचे १९८१ मधील 'डाँकी काँग'.) वरवर पाहणाऱ्यास हा निव्वळ वेळ घालविण्याचा प्रकार वाटेल. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. पुरावा कशास म्हणावे, दंतकथा कशी टिकते आणि सर्वमान्य झालेले उत्तर पुढे का बदलावे लागते, याचा उत्तम पाठ या क्षुल्लक प्रश्नांत दडलेला आहे. तो उलगडून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

तिठ्यावरची विद्या

अशा प्रश्नांना इंग्रजीत 'ट्रिव्हिया' म्हणतात. या शब्दाचे मूळ लॅटिन 'ट्रिव्हियम' म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, आपल्या भाषेत तिठा. चारचौघांच्या तोंडी असलेल्या गोष्टीला आपण चव्हाट्यावरची गोष्ट म्हणतो. तिकडे ती तिठ्यावरची झाली, इतकाच फरक. गंमत अशी की, मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्कशास्त्र आणि वक्तृत्वशास्त्र या तीन पायाभूत विद्यांच्या गटालाही 'ट्रिव्हियम' हेच नाव होते. म्हणजे गप्पाटप्पा आणि विद्या, दोहोंचे कूळ एकच.

या छंदाचे आधुनिक रूपही महाविद्यालयांतूनच घडले. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडविन गुडगोल्ड आणि डॅन कार्लिन्स्की या विद्यार्थ्यांनी बालपणी ऐकलेले रेडिओ कार्यक्रम, पाहिलेले चित्रपट व वाचलेल्या चित्रकथा यांवरील प्रश्नांच्या स्पर्धा सुरू केल्या. १९६६ मध्ये त्यांचे या विषयावरील पुस्तकही निघाले. त्याच वर्षी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील लॉरेन्स विद्यापीठात अशीच स्पर्धा सुरू झाली. त्या काळी व्हिडिओ गेम बाजारात आलेले नव्हते. ते खेळत जी पिढी वाढली तिने पुढे आपल्या बालपणाबाबत तेच केले. या प्रश्नमंजूषांचा उगम असा स्मरणरंजनात आहे. मात्र स्मरण म्हणजे इतिहास नव्हे, ही गोष्ट उत्तरे तपासू लागताच ध्यानात येते.

'पहिला' या शब्दाची अडचण

या प्रश्नमंजूषांतील एक नेहमीचा प्रश्न घेऊ : पहिला व्हिडिओ गेम कोणता? पुष्कळांचे उत्तर असते, अटारी कंपनीचा १९७२ मधील 'पाँग'. दोन फळ्या आणि मध्ये उसळणारा चेंडू, असा हा टेबल टेनिसचा खेळ नोलन बुशनेल यांच्या सांगण्यावरून अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी तयार केला. परंतु स्वतः बुशनेल व टेड डॅबनी यांचाच 'कॉम्प्युटर स्पेस' हा नाणे टाकून खेळावयाचा गेम १९७१ मध्ये आला होता. त्याची प्रेरणा 'स्पेसवॉर' हा गेम. तो १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथील एम. आय. टी. या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचला होता. त्याच्याही आधी, १९५८ मध्ये, ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम यांनी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला होता. आणि १९५२ मध्ये केंब्रिज विद्यापीठात ए. एस. डग्लस यांनी एडसॅक संगणकावर फुली-गोळ्याचा खेळ चालविला होता.

मग खरे उत्तर कोणते? प्रश्नच अपुरा आहे, हे खरे उत्तर. संगणकावरील पहिला, पैसे टाकून खेळावयाचा पहिला, घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचा पहिला, की व्यापारात घवघवीत यश मिळविणारा पहिला? व्याख्या बदलली की विजेता बदलतो. इतिहासात 'आद्य' हे विशेषण वापरताना आपण किती सावध असले पाहिजे, हे येथे सहज पटते.

घरगुती गेमच्या बाबतीत तर एका नोंदवहीने साक्ष दिली. राल्फ बेअर यांच्या कल्पनेवर आधारलेले 'ओडिसी' हे यंत्र मॅग्नावॉक्स कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणले; त्यातही टेबल टेनिसचा खेळ होता. पुढे १९७४ मध्ये मॅग्नावॉक्सने अटारीविरुद्ध दावा लावला. मे १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्लिंगेम येथे ओडिसीचे जे प्रात्यक्षिक झाले, तेथील पाहुण्यांच्या वहीत बुशनेल यांची सही आढळली. 'पाँग' त्यानंतरचा. १९७६ मध्ये अटारीने तडजोड करून परवाना घेतला. कोणाच्या आठवणीपेक्षा वहीतील एक सही अधिक बोलकी ठरते, ती अशी.

दोन दंतकथा, दोन निकाल

दुसरा आवडता प्रश्न : कोणत्या गेममुळे जपानमध्ये १०० येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला? अपेक्षित उत्तर असते, तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये केलेला 'स्पेस इन्व्हेडर्स'. हा खेळ जपानमध्ये अफाट लोकप्रिय झाला, हे निर्विवाद. परंतु तुटवड्याच्या कथेला आधार मिळत नाही. जपानच्या टांकसाळीने १९७८ व १९७९ या वर्षांत १०० येनची नाणी १९७७ पेक्षा कमी पाडली. टंचाई असती तर ती अधिक पाडली गेली असती. शिवाय साध्या व्यवहारज्ञानाने विचार करावा : यंत्रात पडलेले नाणे तेथेच राहत नाही. मालक पेटी उघडतो, नाणी बँकेत भरतो आणि ती पुन्हा फिरू लागतात. गोष्ट गोड असली म्हणजे ती खरी असतेच, असे नव्हे.

याच्या उलट उदाहरणही आहे. 'ई. टी.' या चित्रपटावरील गेम अटारीने १९८२ मध्ये काढला. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना तो तयार करण्यास जेमतेम पाच आठवडे मिळाले होते. न खपलेल्या कॅसेट कंपनीने न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथील कचरा-भूमीत पुरल्या, असे सांगितले जाई. १९८३ च्या वृत्तपत्रांत या घटनेची बातमी आली होती. तरीही कालांतराने अनेकांना ती निव्वळ दंतकथा वाटू लागली. अखेर एप्रिल २०१४ मध्ये तेथे उत्खनन झाले आणि सुमारे १३०० कॅसेट हाती लागल्या. गोष्ट खरी निघाली, परंतु जशी सांगितली जाई तशी नव्हे. 'ई. टी.'च्या लाखो कॅसेट पुरल्याचे म्हटले जाई. प्रत्यक्षात त्या ढिगाऱ्यात 'ई. टी.'बरोबर इतर अनेक गेमच्या कॅसेट होत्या. म्हणजे दंतकथा सरसकट मानावयाची नाही, तशी सरसकट झटकावयाचीही नाही, खोदून पाहावयाची. येथे तर तो वाक्प्रचार शब्दशः खरा झाला!

चुकीचे उत्तर आणि त्याची वंशावळ

एकाने दिलेले चुकीचे उत्तर दुसरा उतरवून घेतो, दुसऱ्याचे तिसरा, आणि अखेर संख्याबळावर ते खरे मानले जाते. याचे एक उदाहरण व्हिडिओ गेमच्या जरा बाहेरचे असले तरी देण्याजोगे आहे. फ्रेड वर्थ या लेखकाने १९७४ मध्ये प्रश्नमंजूषांसाठी एक कोश काढला. नक्कल झाल्यास पकडता यावी म्हणून त्याने त्यात मुद्दाम एक खोटी माहिती पेरली : दूरचित्रवाणीवरील कोलंबो या गुप्तहेराचे पहिले नाव फिलिप. पुढे 'ट्रिव्हियल पर्स्यूट' या प्रश्नांच्या प्रसिद्ध खेळात नेमके तेच उत्तर छापले गेले. वर्थने १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा लावला. माहितीवर कोणाची मालकी नसते, या तत्त्वावर तो हरला. परंतु उत्तर कोठून आले हे जगाला कळले. जुन्या हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणारे विद्वान हीच युक्ती वापरतात. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक आढळली की त्यांचे मूळ एक असावे, असे अनुमान निघते. दहा ठिकाणी एकच उत्तर मिळाले म्हणजे दहा साक्षीदार मिळाले असे नव्हे. कदाचित एकच साक्षीदार दहा तोंडांनी बोलत असेल.

उत्तर बदलते तेव्हा

गेममध्ये रचनाकाराने गुपचूप लपविलेल्या गमतीला चाहते 'ईस्टर एग' म्हणतात; ईस्टरच्या सणात मुलांनी लपविलेली अंडी शोधावयाची, या प्रथेवरून हे नाव पडले. पहिले ईस्टर एग कोणते, याचे उत्तर वर्षानुवर्षे ठरलेले होते : अटारीचा 'अ‍ॅडव्हेंचर'. अटारी आपल्या रचनाकारांची नावे गेमवर देत नसे. म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी गेममध्ये एक गुप्त खोली रचून तेथे स्वतःचे नाव लिहून ठेवले. डोळ्यांना सहसा न दिसणारा एक राखाडी ठिपका उचलून नेल्याशिवाय त्या खोलीत जाता येत नसे. श्रमाचे श्रेय नाकारलेल्या माणसाने शोधलेली ही वाट मोठी हृद्य आहे, आणि म्हणूनच ती लोकांच्या स्मरणात राहिली.

परंतु २०१७ मध्ये उजेडात आले की, अटारीच्याच १९७७ मधील 'स्टारशिप १' या यंत्रात ठराविक क्रमाने कळा वापरल्यास रॉन मिल्नर या रचनाकाराच्या नावाने अभिवादन उमटते. सुमारे ४० वर्षे ते तेथेच होते. त्याहीपूर्वी, १९७३ च्या 'मूनलँडर'मध्ये, चंद्रावर योग्य जागी यान उतरविल्यास मॅकडोनाल्ड्सचे उपाहारगृह दिसे. म्हणून सावध चाहते आता प्रश्न असा विचारतात : आजवर ज्ञात असलेल्यांपैकी सर्वांत जुने कोणते? 'आजवर ज्ञात' या दोन शब्दांत इतिहासलेखनाची सारी नम्रता सामावलेली आहे.

खरी चिंता

असा बारीकसारीक शोध कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर थोडे गंभीर आहे. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ रोजी आला, हे निश्चित आहे. पण तोच गेम अमेरिकेत नेमका कोणत्या दिवशी विक्रीस आला, हे फ्रँक सिफाल्डी या अभ्यासकाने २०१२ मध्ये कसून तपासले, तेव्हा पुराव्याने सिद्ध करता येईल असा एकही दिवस हाती लागला नाही. जगातील अत्यंत प्रसिद्ध गेमची ही कथा, तर अप्रसिद्धांची काय असेल? सिफाल्डी यांनीच स्थापन केलेल्या व्हिडिओ गेम इतिहास प्रतिष्ठानाने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कोणत्याही स्वरूपात विकत मिळत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष आहे. ज्यांनी ते खेळ घडविले ती माणसेही वृद्ध होत आहेत. राल्फ बेअर २०१४ मध्ये आणि टेड डॅबनी २०१८ मध्ये निवर्तले. वस्तू गेली, माणूस गेला, की मागे उरते ती केवळ प्रश्नमंजूषेतील ओळ. ती ओळ चुकीची असेल तर तीच इतिहास होऊन बसते.

यातून आपण घ्यावयाचा बोध साधा आहे. प्रश्न काढताना व्याख्या पूर्ण द्यावी. उत्तर लिहिताना ते कोठून मिळाले याची नोंद शेजारी ठेवावी, आणि ती नोंद घटनेच्या काळची आहे की नंतरची, हे पाहावे. स्पर्धकाने हरकत घेतली तर ती उद्धटपणा न मानता तपासावी. आपल्या स्नेहसंमेलनातील प्रश्नमंजूषेलाही हे नियम लागू करावयास हरकत नाही. बरोबर उत्तराला एक गुण द्यावा. पण 'हे आपल्याला कशावरून कळले?' याचे उत्तर जो देईल, त्याला दोन द्यावेत.