पास झालेल्या पेपरची तारीख

न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंपाकघरात दरवर्षी कालनिर्णय लागतं. २०२३ च्या नोव्हेंबरच्या पानावर २१ तारखेच्या चौकोनात मी हिरव्या पेनाने एकच शब्द लिहिला होता: 'ऑडिट'. लाल रंगात सणवार असतात, म्हणून हिरवं पेन. दीड वर्षापूर्वी पास झालेला माझा ऑडिटचा पेपर त्या दिवशी बाद होणार होता. आणि झाला.

अमेरिकेतली सीपीएची परीक्षा चार पेपरांची. एकेक पेपर चार तासांचा, पास व्हायला ७५ गुण. चारही एकदम द्यायची सक्ती नाही. सवडीने एकेक देता येतो. पण पहिला पेपर पास झाला की घड्याळ सुरू होतं. ठरलेल्या मुदतीत उरलेले तीन निघाले नाहीत, तर पहिला गळतो. आपल्याकडे सीए करणाऱ्यांना 'एक्झम्प्शन' माहीत असतं: ग्रुप अडकला तरी एखाद्या पेपरात ६० गुण पडले असतील तर पुढच्या तीन परीक्षांपुरती त्या पेपरातून सुटका. जात तीच. तिथे मोजणी परीक्षांची, इथे महिन्यांची. माझ्या वेळी १८ महिने होते.

सांगलीला आईला फोनवर हे सांगितलं. तिने जन्मभर शाळेत शिकवलं आहे. ती म्हणाली, "अगं, पास झालेला पेपर परत नापास कसा होतो?" मला उत्तर देता आलं नाही. आता चारही पेपर झाले आहेत, म्हणून या वाटेवर असलेल्यांसाठी लिहिते आहे.

१. सगळ्यात मोठा पेपर आधी द्या.

मी ऑडिटपासून सुरुवात केली, कारण तो मला जवळचा वाटत होता. २१ मे २०२२ ला दिला, पहिल्याच फटक्यात पास. घरी पेढे आले. त्या पेढ्यांबरोबर घड्याळही सुरू झालं, हे मला ठाऊक होतं, पण उमगलं नव्हतं. नंतर एफएआरला बसले. हा आर्थिक लेखांकनाचा पेपर, अभ्यासक्रम सगळ्यांत मोठा. बसलेल्यांतले निम्म्याहून कमीच बहुतेक वेळा निघतात. ऑगस्टमध्ये ६८ गुणांवर अडकले, डिसेंबरमध्ये निघाला. म्हणजे १८ महिन्यांतले जवळजवळ सात महिने एका पेपरात गेले.

उलट केलं असतं तर? एफएआर आधी दिला असता आणि ऑगस्टमध्ये नापास झाले असते, तर एक दिवसही वाया गेला नसता. एकही पेपर पास नसताना नापास झालं तर मुदत सुरूच होत नाही. जो पेपर दोनदा द्यावा लागेल अशी भीती वाटते, तोच पहिला घ्यावा. 'सोप्यापासून सुरुवात केली की आत्मविश्वास येतो' असं पुष्कळ जण सांगतील. मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो.

२. महिने मागून मोजा, आणि खरे मोजा.

१८ महिने ऐकायला भरपूर वाटतात. मी एका लहान फर्ममध्ये करविवरणाचं काम करते. जानेवारी ते १५ एप्रिल रात्रीचे नऊ वाजतात. त्यातच १५ मार्चला भागीदारी संस्थांची विवरणं. ज्यांनी मुदतवाढ घेतली त्यांची १५ सप्टेंबर आणि १५ ऑक्टोबर. भारतात एक चक्कर, तीन आठवडे. मुलीची सुट्टी. सगळं वजा केल्यावर माझ्या हातात नऊ-दहा महिने उरत होते, आणि मी बेत आखला होता अठराचा.

दुसऱ्यांदा मी बाद होण्याच्या तारखेपासून मागे मोजत आले. आधी ऑफिसातल्या मुदतींवर काट मारली, मग घरातल्या कार्यांवर. उरलेल्या जागेत पेपर बसवले आणि प्रत्येक पेपरापुढे तोच पेपर पुन्हा द्यावा लागला तर, म्हणून एक जागा मोकळी ठेवली. ती मोकळी जागा हा या सगळ्या आखणीचा प्राण आहे. मी हुशार आहे, मला ती लागणार नाही, असं म्हणू नका.

३. शेवटच्या आठवड्यातली तारीख घेऊ नका.

२०२३ च्या जूनमध्ये रेग, म्हणजे करकायद्याचा पेपर, ७० वर राहिला. सप्टेंबरात चौथा पेपर, बीईसी, दिला. २३ तारीख, शनिवार, त्या दिवशी गौरीविसर्जन होतं. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. गौरी त्यांनी बसवल्या, त्यांनीच पाठवल्या, आणि मला म्हणाल्या, "तू जा. महालक्ष्मीला कळतं." बीईसी ८१ गुणांनी निघाला. आता रेग राहिला आणि तारीख मिळाली १८ नोव्हेंबर. ऑडिट बाद व्हायला तीन दिवस.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. फराळ सासूबाईंनी केला, मी भागीदारांच्या हिश्श्याच्या किमतीची गणितं करत बसले. १८ ला सकाळी केंद्रावर खिसे उलटे करून दाखवले, चष्मा काढून त्यांच्या हातात दिला, अस्तन्या वर केल्या, बोटाचा ठसा दिला. तिसऱ्या भागानंतर पंधरा मिनिटांची सुट्टी मिळते, ती वेळेत धरत नाहीत. लॉकरमध्ये बेसनाचा लाडू ठेवला होता. अर्धाच खाल्ला गेला, कारण डोक्यात प्रश्न नव्हते, २१ तारीख होती. सुट्टीनंतरचे दोन भाग मी त्या तारखेशी बोलतच सोडवले.

७३ गुण आले. दोन कमी.

माझा अभ्यास दोन गुणांनी कमी होता हे मान्य. पण मनात तीन दिवसांची टांगती तलवार नसती तर ते दोन गुण गेले नसते, असं मी आजही ठामपणे म्हणते. मुदतीच्या निदान दोन महिने अलीकडे शेवटचा पेपर हवा. त्यात नापास झालात तर निकाल येऊन पुन्हा बसण्याइतका वेळ उरतो.

४. नियमाची बातमी नको, नियम वाचा.

ही जखम अजून पुरती भरलेली नाही. २०२३ मध्ये नॅस्बाने, म्हणजे राज्यांच्या लेखा मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने, नमुना नियम बदलून मुदत १८ ऐवजी ३० महिने केली आणि मोजणी निकालाच्या तारखेपासून धरली. एकेक राज्य ते स्वीकारू लागलं. परीक्षेची रचनाही २०२४ पासून बदलणार होती, म्हणून मंडळांना आणखी एक शिफारस गेली: १ जानेवारी २०२४ रोजी जे पेपर जिवंत असतील ते ३० जून २०२५ पर्यंत धरावेत. कोविडच्या काळात, ३० जानेवारी २०२० ते ११ मे २०२३ या दरम्यान ज्यांचे पेपर गळले, त्यांचेही परत द्यावेत.

माझा ऑडिट गळला २१ नोव्हेंबर २०२३ ला. अलीकडची सवलत मे महिन्यात संपलेली, पलीकडची जानेवारीत सुरू होणारी. मी दोन्हींच्या मधल्या फटीत पडले. १ जानेवारी ४१ दिवसांवर होती.

'मुदत वाढली' एवढीच बातमी माझ्या कानावर होती आणि मी त्या भरवशावर ऑक्टोबर काढला. मंडळं ५५ आहेत आणि ज्या मंडळाकडे तुमचा अर्ज, त्याचाच नियम तुम्हाला लागू. मैत्रिणीच्या राज्यात काय आहे हे विचारून उपयोग नाही. आजारपण किंवा आपल्या हाताबाहेरचं तसंच काही घडलं असेल, तर मुदत वाढवून द्यायचा अधिकार मंडळाला असतो. त्यासाठी कागदपत्रांसह लेखी अर्ज लागतो, आणि तो पेपर बाद व्हायच्या आधी गेलेला बरा. सासूबाईंना ऑगस्टमध्ये आठ दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. अर्ज केला असता तर काय झालं असतं, कोण जाणे. मी केलाच नाही.

माझे एफएआर आणि बीईसी मात्र १ जानेवारीला जिवंत होते, ते ३० जून २०२५ पर्यंत गेले. बीईसी १५ डिसेंबर २०२३ नंतर बंदच झाला. पण ज्यांचा तो निघाला होता, त्यांना नव्या रचनेतला चौथा, निवडीचा पेपर माफ झाला. गौरीविसर्जनाच्या दिवशी दिलेल्या त्या पेपराने मला वाचवलं.

५. परीक्षेच्या परवानगीपत्रालाही मुदत असते.

त्याला एनटीएस म्हणतात. बहुतेक राज्यांत ते सहा महिने चालतं. उत्साहाच्या भरात मी एकदा दोन पेपरांची परवानगी एकदम काढली, एकच देऊ शकले, दुसऱ्याचे पैसे बुडाले. जो पेपर येत्या दोन-तीन महिन्यांत नक्की देणार, त्याचंच पत्र काढावं. हातात आलं की त्याच दिवशी जागा धरावी. शनिवार आधी भरतात. परीक्षेला महिना बाकी असेपर्यंत तारीख फुकट बदलता येते, त्यानंतर पैसे पडतात.

६. निकाल येईपर्यंतचे दिवसही खर्चात धरा.

नव्या परीक्षेची सुरुवात झाली तेव्हा २०२४ च्या पहिल्या तिमाहीत दिलेल्या मुख्य पेपरांचे निकाल जूनच्या सुरुवातीला लागले. आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने जानेवारीत पेपर दिला होता. निकाल हातात आल्याशिवाय तोच पेपर पुन्हा देता येत नाही, त्यामुळे पाच महिने तो नुसता थांबला. परिस्थिती नंतर सुधारली, पण निवडीचे पेपर अजूनही वर्षातून चारदाच असतात, साधारण तिमाहीच्या पहिल्या महिन्यात. तुमचा निवडीचा पेपर राहिला असेल तर आधी तो वेळापत्रकात बसवा, बाकीचे त्याच्या अवतीभवती. निवडही जोडीने करावी: एफएआर ताजा असेल तर बीएआर, रेग ताजा असेल तर टीसीपी, ऑडिट ताजा असेल तर आयएससी. अर्धा अभ्यास आधीच झालेला असतो.

७. नाव तपासा.

आपल्या मराठी माणसांना हे आवर्जून सांगायला हवं. आता भारतातही केंद्रं आहेत. पूर्वी तिथून दुबईला वगैरे जावं लागायचं. माझी एक मैत्रीण पुण्याहून पहाटेच्या शिवनेरीने मुंबईला परीक्षेला गेली. पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. अर्ज भरताना तिने पदवीच्या प्रमाणपत्रावरचं नाव लिहिलं होतं, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. भारतात ओळखीसाठी पासपोर्टच लागतो, आणि परवानगीपत्रावरचं नाव त्याच्याशी तंतोतंत जुळावं लागतं. तिला दारातून परत यावं लागलं. पैसे गेलेच, पण खरा फटका वेळेचा: नाव दुरुस्त होऊन नवी तारीख मिळेपर्यंत तिच्या मुदतीतले अडीच महिने गेले. पासपोर्ट समोर ठेवून, एकेक अक्षर बघून अर्ज भरा.

८. घरच्यांना तारीख सांगा.

पहिल्या खेपेला ती तारीख फक्त मला माहीत होती. कालनिर्णयावर लिहिली तीसुद्धा शेवटच्या महिन्यात. घरच्यांना वाटत होतं, राहिलेला पेपर पुढच्या वर्षी दिला तरी चालेल. दुसऱ्या खेपेला मी सगळ्यांना बसवून ३० जून २०२५ ही तारीख सांगितली. नवऱ्याने शनिवार-रविवारचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिने महिने खोडायचं काम मागून घेतलं.

रेग १५ जून २०२४ ला दिला, ७९ गुण. ऑडिट दुसऱ्यांदा १६ नोव्हेंबर २०२४ ला दिला, ८३ गुण. मुदत संपायला साडेसात महिने बाकी होते.

तुमचा एखादा पेपर पास झाला असेल, तर आज रात्री मंडळाच्या खात्यात जाऊन तो कधी बाद होणार ते बघा. आणि ती तारीख घरातल्या प्रत्येकाला दिसेल अशा जागी लिहा.