सांत की अनंत? : विश्वाची भूमिती, पार्श्वभूमी प्रारण आणि डॉ. जयंत नारळीकरांचे पर्यायी प्रतिमान

विज्ञानाच्या तासाला विश्वाच्या उत्पत्तीचा पाठ आला की आमच्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. महास्फोटाने विश्वाचा आरंभ झाला असे पुस्तक सांगते. परंतु धम्मात तर सृष्टिकर्ता नाही आणि जगाच्या प्रथमारंभाची कल्पनाही नाही, मग खरे काय मानायचे? पालकांपैकी काहीजण याचे उत्तर स्वतःच देऊन टाकतात : डॉ. जयंत नारळीकरांनी महास्फोट नाकारला, म्हणजे विज्ञानानेच बुद्धांचे म्हणणे सिद्ध केले. हे उत्तर ऐकायला गोड आहे, पण ते विज्ञानाला धरून नाही आणि धम्मालाही धरून नाही, असे आमचे नम्र मत आहे. ते का, हे समजून घेण्यासाठी या अभ्यासलेखाचा प्रपंच.

महास्फोट आणि स्थिर स्थिती

दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, हे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात निरीक्षणांनी स्पष्ट झाले. प्रसरणाचा हा चित्रपट उलटा फिरवला तर सारे द्रव्य एकेकाळी अतिशय दाट आणि तप्त होते, असा निष्कर्ष निघतो. याला आज आपण महास्फोट प्रतिमान म्हणतो. त्याला पर्याय म्हणून १९४८ साली केंब्रिजमधील फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावते, परंतु मोकळ्या होणाऱ्या जागेत अतिशय मंद गतीने नवे द्रव्य निर्माण होत राहते. त्यामुळे विश्वाचे एकूण रूप सर्व काळी सारखेच राहते. अशा विश्वाला आरंभ नाही आणि अंतही नाही. गंमत अशी, की ‘बिग बँग’ हे नाव विरोधक हॉईल यांनीच १९४९ मध्ये बीबीसीवरील भाषणात वापरले आणि तेच पुढे रूढ झाले.

याच हॉईल यांचे विद्यार्थी म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला, बालपण वाराणसीत गेले आणि उच्च शिक्षण केंब्रिजमध्ये झाले. १९६४ मध्ये गुरु-शिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, तेव्हा नारळीकर जेमतेम सव्वीस वर्षांचे होते. १९७२ मध्ये ते भारतात परतले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ या आंतरविद्यापीठीय केंद्राचे संस्थापक संचालक झाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आकाशातील मंद ऊब

१९६४ मध्येच अमेरिकेतील न्यू जर्सी येथे आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन यांना आपल्या अँटेनात एक खरखर ऐकू येत होती. अँटेना कोणत्याही दिशेला वळवला तरी ती हटत नव्हती. आकाशाच्या प्रत्येक भागातून सूक्ष्मलहरींचे प्रारण सारख्याच प्रमाणात येत असल्याचे अखेर लक्षात आले. १९६५ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि १९७८ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या दूरचित्रवाणी संचावर वाहिनी लागत नसताना पांढरे ठिपके नाचत. त्यांतला अल्पसा अंश याच प्रारणाचा असे, हे सांगितले की आमच्या माजी विद्यार्थ्यांना ते दृश्य लगेच आठवेल.

या प्रारणाचे तापमान केवळ २.७२५ केल्विन, म्हणजे शून्याखाली सुमारे २७० अंश सेल्सिअस आहे. महास्फोट प्रतिमानानुसार ही आरंभीच्या तप्त अवस्थेची उरलेली ऊब. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच तिचे भाकीत केले होते. मूळ स्थिर स्थिती सिद्धांताकडे मात्र या प्रारणाचे तयार स्पष्टीकरण नव्हते आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी त्याची साथ सोडली.

१९९३ चा पर्याय

हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये सुधारित प्रतिमान मांडले. त्याला आपण अर्धस्थिर स्थिती प्रतिमान म्हणू. यात विश्व दीर्घकाळ प्रसरण पावत राहते, पण त्या प्रसरणावर आवर्तने असतात. समुद्राला भरती येत असतानाही लाटा जशा पुढे-मागे होतात, तसे. एक आवर्तन सुमारे चार ते पाच हजार कोटी वर्षांचे. आकुंचनातही विश्व कधी शून्य आकाराचे होत नाही, म्हणून ‘त्याआधी काय?’ हा प्रश्नच उद्भवत नाही. एका प्रचंड स्फोटाऐवजी ठिकठिकाणी लहान लहान निर्मितिघटना घडत राहतात.

मग पार्श्वभूमी प्रारण कोठून आले? त्यांचे उत्तर विलक्षण होते. ते ताऱ्यांचाच जुना प्रकाश आहे! विश्वातील दृश्य द्रव्यात वस्तुमानाने सुमारे एक चतुर्थांश हेलियम आहे. हे सारे हेलियम ताऱ्यांच्या पोटात हायड्रोजनपासून बनले असे धरून बाहेर पडलेली ऊर्जा मोजली आणि ती समान पसरली असे मानले, तर तापमान तीन केल्विनच्या आसपासच येते. हा प्रकाश पसरवण्याचे काम अतिनव ताऱ्यांच्या स्फोटांतून बाहेर पडलेल्या, सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या, केसाहून कितीतरी बारीक लोहतंतूंनी केले, असे त्यांचे म्हणणे होते.

कसोटी

कल्पना सुंदर असणे पुरेसे नसते. १९८९ मध्ये सोडलेल्या ‘कोबे’ उपग्रहाने या प्रारणाचा वर्णपट जवळजवळ अचूक आदर्श उष्ण वस्तूचा असल्याचे दाखवले आणि १९९२ मध्ये त्यातील एक लाखात एक इतके सूक्ष्म चढउतार टिपले. एकाच तप्त अवस्थेतून असा वर्णपट सहज निघतो. लोहतंतूंच्या बाबतीत मात्र दुहेरी अट येते : प्रकाश पूर्ण मिसळण्याइतके ते दाट हवेत आणि दूरच्या दीर्घिकांच्या रेडिओलहरी आपल्यापर्यंत पोहोचण्याइतके विरळही हवेत. पुढे ‘डब्ल्यूमॅप’ आणि ‘प्लँक’ उपग्रहांनी चढउतारांची जी ओळीने येणारी शिखरे मोजली, त्यांचे भाकीत महास्फोट प्रतिमानाने आधीच केले होते. अर्धस्थिर स्थिती प्रतिमानाला त्यांचे स्पष्टीकरण मागाहून शोधावे लागले.

२००० साली आयुकातील आर. श्रीआनंद यांनी फ्रेंच सहकाऱ्यांसह एका दूरस्थ वायुमेघाच्या वर्णपटावरून प्राचीन काळचे प्रारणतापमान मोजले. ते ६ ते १४ केल्विनच्या दरम्यान आले. महास्फोटाचे भाकीत ९.१ होते. मूळ स्थिर स्थितीला हे मोजमाप प्रतिकूल होते. आवर्तनांच्या सुधारित प्रतिमानात प्रसरणाबरोबर प्रारण थंड होत असल्याने त्याला या मोजमापाने थेट बाधा येत नव्हती. परंतु लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे : ज्या संस्थेचे संचालक महास्फोटाचे जगप्रसिद्ध टीकाकार होते, त्याच संस्थेत महास्फोटाशी जुळणारे मोजमाप निर्भयपणे झाले. संस्था कशी असावी, याचा हा वस्तुपाठ आहे.

आज बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोट प्रतिमानच स्वीकारतात. मात्र त्या प्रतिमानातील सुमारे ९५ टक्के भाग कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा यांचा आहे, आणि ती नेमकी काय आहेत हे उमगलेले नाही. या उणिवेवर बोट ठेवण्याचे काम नारळीकर अखेरपर्यंत करीत राहिले.

सपाट, पण किती मोठे?

पार्श्वभूमी प्रारणाने विश्वाची भूमितीही मोजता आली. कागदावरील त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश असते. चेंडूवर काढलेल्या त्रिकोणाची त्याहून अधिक, तर घोड्याच्या खोगिरासारख्या पृष्ठावर कमी. प्रारणातील ठळक ठिपक्यांचा खरा आकार गणिताने ठाऊक आहे आणि त्यांचे अंतरही. हा झाला विश्वाएवढा त्रिकोण. अवकाश सपाट असेल तर ठिपका सुमारे एक अंशाचा, म्हणजे दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवल्याइतका दिसावा. तो तसाच दिसतो. म्हणून अवकाश जवळजवळ सपाट आहे.

सपाट म्हणजे अनंत, असे मात्र नव्हे. चटईवर त्रिकोण काढून ती गुंडाळली, तरी कोनांची बेरीज बदलत नाही. परंतु एका दिशेने चालत राहिलेली मुंगी पुन्हा मूळ जागी येते. विश्वही असे स्वतःत मिटलेले असू शकेल. २००३ मध्ये जाँ-पिएर ल्युमिने आणि सहकाऱ्यांनी किंचित वक्र, बारा पंचकोनी बाजूंच्या सांत विश्वाचे प्रतिमान मांडले होते. तसे असते तर आकाशात एकसारखी वर्तुळे जोडीने दिसायला हवी होती. शोध घेतला, ती सापडली नाहीत. अशा रचनांचा प्रारणावरील ठसा शोधण्याचे काम आयुकात तरुण सौरदीप यांनीही केले. विश्व सांत की अनंत, याचा निर्णय आजही लागलेला नाही.

धम्म काय सांगतो?

मज्झिम निकायातील मालुंक्यपुत्ताची कथा आपल्या वाचकांना परिचित आहे. लोक शाश्वत की अशाश्वत, सांत की अनंत, याचे उत्तर मिळाल्याखेरीज मी साधना करणार नाही, असे त्याने म्हटले. तथागतांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. बाण कोणी मारला, त्याचे कुळ कोणते, धनुष्य कशाचे, हे कळेपर्यंत बाण काढू न देणारा माणूस मरून जाईल. बुद्धांनी विश्व अनंत आहे असे सांगितले नाही, सांत आहे असेही नाही. दुःखमुक्तीचा मार्ग या उत्तरावर अवलंबून नाही, एवढेच सांगितले.

म्हणून कोणतेही प्रतिमान धम्माच्या बाजूचे वा विरोधातले ठरत नाही. उद्या महास्फोटाचा पुरावा आणखी भक्कम झाला तर धम्माचे काही बिघडत नाही; तो डळमळला तर धम्माचा विजयही होत नाही. नारळीकरांना आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभे करणे हे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे. फलज्योतिषाची परीक्षा घेताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हुशार व मतिमंद मुलांच्या कुंडल्या २७ ज्योतिषांपुढे ठेवल्या. अचूक उत्तरे ४६ टक्के निघाली, म्हणजे नाणेफेकीपेक्षा बरी नव्हेत. ग्रंथात आहे किंवा परंपरा सांगते म्हणून स्वीकारू नका, हा केसपुत्त गावी कालामांना केलेला उपदेश याच वृत्तीचा आहे.

आमच्या परिसरात भाजे, कार्ले, बेडसे येथील लेणी दोन हजार वर्षे उभी आहेत, आणि याच मावळात देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. या वारशाचा अभिमान बाळगताना विद्यार्थ्यांना सोयीचे उत्तर देण्याचा मोह आपण आवरला पाहिजे. पालकांना आमची विनंती एवढीच : मुलाने विश्वाच्या आरंभाविषयी विचारले, तर दोन्ही प्रतिमाने सांगावीत, पुराव्याचे पारडे आज कोणीकडे झुकते तेही सांगावे, आणि जे अजून कळलेले नाही ते कळलेले नाही असेच म्हणावे. पावसाळा सरला की लोहगडवाडीच्या आकाशात तारे पुन्हा स्वच्छ दिसू लागतात. त्यांच्याकडे बोट दाखवून हे सारे सांगणे पुस्तकापेक्षा सोपे जाईल.