मधुमेहावरील वनौषधी : प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत

बिबळ्याच्या लाकडाचा पेला आपल्याकडील प्रदर्शनांत व यात्रांत विकावयास ठेवलेला पुष्कळांनी पाहिला असेल. विदर्भात या वृक्षास बिजा म्हणतात. रात्री या पेल्यात पाणी भरून ठेवले असता सकाळपर्यंत ते तपकिरी होते व उजेडात धरल्यास त्यावर निळसर झाक दिसते. हे पाणी मधुमेहावर गुणकारी आहे, ही समजूत जुनी आहे आणि ती अगदीच निराधार आहे असे नाही. परंतु समजूत आणि औषध यांमध्ये मोठे अंतर असते. ते कापण्याचे काम औषधनिर्माणशास्त्राचा अभ्यासक करीत असतो, व ते कोठवर आले आहे याची माहिती ग्रामीण भागात वावरणाऱ्या शिक्षकांना व पंचायत सदस्यांना असणे अगत्याचे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असून गोव्यात हे प्रमाण प्रौढांमध्ये २६ टक्क्यांच्या घरात आहे.

अशा संशोधनाची रीत बहुतेक ठरलेली आहे. प्रथम वनस्पतीची ओळख शास्त्रीयदृष्ट्या निश्चित करावयाची, कारण एकाच देशी नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जाणे ही बाजारातील नित्याची गोष्ट होय. नंतर तिचा अर्क काढावयाचा. उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचले म्हणजे त्यांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होतात व रक्तातील साखर वाढते. मग काही उंदरांना अर्क, काहींना ग्लिबेनक्लॅमाइडसारखे परिचित औषध व काहींना नुसते पाणी देऊन साखर वेळोवेळी मोजली जाते.

येथवर पोहोचलेले प्रबंध आपल्या महाविद्यालयांत पुष्कळ आहेत. परंतु उंदराचा मधुमेह रसायनाने काही दिवसांत घडविलेला असतो. प्रौढ माणसाचा वर्षानुवर्षे नकळत वाढत आलेला असतो. त्यामुळे उंदरात साखर उतरली एवढ्यावरून माणसाविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरते. बिबळ्याचेच उदाहरण पाहावे. त्यातील एपिकॅटेचिन या द्रव्यामुळे नष्ट झालेल्या पेशी पुन्हा निर्माण होतात, असा दावा भारतीय संशोधकांनी १९८०च्या सुमारास केला व त्याची जगभर चर्चा झाली. पुढील काही वर्षांत इतर प्रयोगशाळांनी तेच प्रयोग करून पाहिले, तेव्हा तसे फळ त्यांना मिळाले नाही.

उलटपक्षी, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत संशोधन परिषदेने बिबळ्याचा अर्क नव्यानेच मधुमेह आढळलेल्या रुग्णांना दिला. १२ आठवड्यांत ९७ पैकी ६७ जणांची साखर आटोक्यात आली. निष्कर्ष उत्साहवर्धक खरा. पण तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, आणि जे दिले गेले ते ग्रॅमने मोजलेला अर्क होता, पेल्यातील पाणी नव्हे. पेला नवा असताना जेवढे द्रव्य पाण्यात उतरते तेवढे तो जुना झाल्यावर उतरत नाही. रुग्णाच्या पोटात आज किती गेले, हे कोणासही सांगता येत नाही.

वनस्पतीपासून सुरू झालेली वाट शेवटपर्यंत कशी जाते, हे मेटफॉर्मिनच्या इतिहासावरून दिसते. युरोपातील गॅलेगा या चाऱ्याच्या वनस्पतीत ग्वानिडीन वर्गातील द्रव्य असते. ग्वानिडीनने प्राण्यांच्या रक्तातील साखर उतरते हे १९१८ साली दिसून आले; परंतु ते विषारी होते. त्याच कुळातील सिंथॅलिन १९२६ पासून वापरात आले आणि यकृताला अपाय होतो म्हणून मागे पडले. मेटफॉर्मिन डब्लिन येथे १९२२ सालीच तयार झाले असूनही त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. फ्रान्समधील डॉक्टर झाँ स्टर्न यांनी १९५७ साली ते मधुमेहींवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. अमेरिकेत ते उपलब्ध होण्यास १९९५ साल उजाडले. आज ते भारताच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत आहे. म्हणजे पहिल्या निरीक्षणापासून सुमारे पाऊण शतक गेले, आणि वाटेत मूळ वनस्पती व तिचे द्रव्य दोन्ही टाकून द्यावी लागली.

म्हणून पेला वा काढा घेणाऱ्या रुग्णाची थट्टा करण्याचे कारण नाही. त्याने चालू औषध बंद केले आहे काय, एवढे मात्र जरूर विचारावे. लहान वयात मधुमेह झालेल्या मुलाचे इन्सुलिन थोडे दिवस जरी बंद पडले तरी प्राणावर बेतते. गोळ्यांबरोबर काढा चालू असेल तर तेही डॉक्टरांना कळले पाहिजे, कारण दोहोंच्या एकत्रित परिणामाने साखर एकाएकी खाली जाऊ शकते. बिननावाच्या पुडीतील चूर्णाविषयी अधिक सावध असावे. केवळ वनस्पतीजन्य म्हणून विकलेल्या काही चूर्णांत ग्लिबेनक्लॅमाइडसारखी आधुनिक औषधे मिसळलेली आढळली आहेत. गुण येतो तो त्या गोळीचा, आणि तिची मात्रा पुडी बांधणाऱ्याच्या हाती राहते.