वाळूखालचे गोड्या पाण्याचे भिंग

भारताचा नकाशा उघडा आणि केरळच्या किनाऱ्यावरून बोट पश्चिमेकडे, अरबी समुद्रात सरकवा. टाचणीच्या टोकाएवढे काही ठिपके दिसतील. हीच लक्षद्वीप बेटे. ही बेटे ३६ अशी मोजण्याची प्रथा आहे. पण सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी ती भरते जेमतेम ३२ चौरस किलोमीटर! त्यांपैकी दहाच बेटांवर कायमची वस्ती आहे आणि त्या दहांत सर्वांत चिमुकले बेट म्हणजे बित्रा. त्याची लांबी अर्ध्या किलोमीटरहून थोडी अधिक आणि रुंदी, जेथे सर्वांत जास्त आहे तेथे, सुमारे २८० मीटर. म्हणजे पाच मिनिटांत तुम्ही या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर चालत जाल. २०११ च्या जनगणनेत येथे २७१ माणसे होती. आपल्या एखाद्या शाळेतही याहून जास्त मुले असतात.

अशा बेटावर पाहुणे म्हणून गेलात तर काय दिसेल? पांढरी वाळू, नारळाची झाडे, उथळ व निवळ पाण्याचे खारकच्छ आणि पलीकडे लाटा अडवणारी प्रवाळांची भित्ती. रहदारीचा गोंगाट नाही, गर्दी नाही. पण आणखीही एक गोष्ट तेथे नाही, ती चटकन ध्यानात येत नाही. तेथे नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही आणि धरणही नाही. बेटाचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून एक-दोन मीटरच उंच. मग माणसे पितात काय?

उत्तर आहे, विहिरीचे पाणी! वाळूत दोन-तीन मीटर खणले की पाणी लागते आणि ते गोडे असते. चहूबाजूंनी खारा समुद्र, शंभर-दीडशे पावलांवर लाटा, आणि मधल्या विहिरीत गोडे पाणी. हे कसे?

पुष्कळांना वाटते की, समुद्राचे पाणी वाळूतून गाळले जाऊन गोडे होत असावे. ही समजूत चुकीची आहे. गाळणीने चहाची पत्ती अडते, साखर अडत नाही. तसेच वाळूने कचरा अडेल, पण पाण्यात विरघळलेले मीठ अडणार नाही. विहिरीतले गोडे पाणी समुद्राचे नव्हेच. ते पावसाचे आहे.

या बेटांवर वर्षाकाठी सुमारे दीड हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बेटाची जमीन प्रवाळांच्या चुऱ्याची व सच्छिद्र चुनखडीची असल्यामुळे हे पाणी वाहून न जाता खाली मुरते. खाली मात्र समुद्राचे पाणी आधीच भरलेले असते, कारण खडकाच्या छिद्रांतून ते बेटाच्या पोटात शिरलेले असते. येथे घनतेचा नियम कामास येतो. गोड्या पाण्याची घनता १.००० धरली तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ भरते. हलके पाणी जड पाण्यावर तरंगते. वाळूच्या बारीक छिद्रांमुळे दोन्ही पाण्यांना सहजासहजी मिसळताही येत नाही. म्हणून बेटाखाली गोड्या पाण्याचा एक साठा तरंगत राहतो. तो मध्यभागी जाड आणि कडांना पातळ असतो, अगदी बहिर्गोल भिंगासारखा. भूजलशास्त्रात त्याला गोड्या पाण्याचे भिंगच म्हणतात.

हे भिंग किती जाड असेल? एक सोपे गणित करू या. समजा, बेटाच्या मध्यभागी विहिरीतील पाण्याची पातळी समुद्रपातळीपेक्षा २० सेंटिमीटर उंच आहे. समुद्रपातळीखाली ८०० सेंटिमीटर गोडे पाणी असेल तर गोड्या पाण्याचा स्तंभ एकूण ८२० सेंटिमीटर झाला. आता ८०० सेंटिमीटर उंचीच्या खाऱ्या पाण्याच्या स्तंभाचा भार काढा : ८०० × १.०२५ = ८२०. दोन्ही भार सारखे, तराजू समतोल! म्हणजे वर एक भाग गोडे पाणी असेल तर खाली चाळीस भाग असते. हा नियम घायबेन आणि हर्झबर्ग या दोन संशोधकांच्या नावाने ओळखला जातो. प्रत्यक्षात भरती-ओहोटीच्या हिसक्यांमुळे दोन पाण्यांच्या सीमेवर मचूळ पाण्याचा पट्टा तयार होतो, त्यामुळे पिण्याजोगे पाणी गणितापेक्षा कमीच मिळते.

हे वर्गात पाहता येईल. काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी घेऊन त्यात तीन-चार चमचे मीठ पूर्ण विरघळवा. दुसऱ्या भांड्यातील साध्या पाण्यात थोडी शाई घाला. हे रंगीत पाणी उलट्या चमच्यावरून, पेल्याच्या कडेने अगदी हळूहळू ओता. रंगीत थर वर तरंगत राहील. आता त्या थरात पिचकारीचे टोक धरून पाणी सावकाश ओढा. नंतर तेच झटक्याने, जोरात ओढून पाहा. खालचे बिनरंगी खारे पाणी वर कसे खेचले जाते ते दिसेल. (पाणी पिचकारीनेच ओढा, तोंडाने नको.)

याच प्रयोगात बेटाच्या भवितव्याचे उत्तर दडले आहे. वरच्या गणितातील चाळीसचा आकडा आता उलटा लावा. उपशामुळे विहिरीची पातळी १० सेंटिमीटरने कायमची खाली गेली, तर भिंगाचा तळ कालांतराने ४०० सेंटिमीटर, म्हणजे चार मीटर वर येईल! आठ मीटरचे भिंग निम्म्यावर आले. पोहऱ्याने थोडे थोडे पाणी काढले तर भिंगाला सावरण्यास वेळ मिळतो. विजेचा पंप एकाच जागी तासन् तास चालवला, तर बरोबर त्या विहिरीखाली खारे पाणी सुळक्यासारखे वर चढते आणि विहीर मचूळ होते. कोकणात किनाऱ्यालगतच्या विहिरींतही उन्हाळ्यात अति उपसा झाला की असेच घडते. मात्र कोकणातल्या गावाला पाठीशी डोंगर आहे, बेटाला मागे-पुढे समुद्रच आहे.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहू. बित्राचे क्षेत्रफळ सुमारे दहा हेक्टर, म्हणजे एक लाख चौरस मीटर. दीड मीटर पाऊस म्हणजे वर्षाला दीड लाख घनमीटर, अर्थात पंधरा कोटी लिटर पाणी. २७१ माणसांत वाटले तर माणशी रोज सुमारे दीड हजार लिटर! तुम्ही म्हणाल, मग चिंता कसली? पण थांबा. यातले बरेचसे पाणी वाफ होऊन जाते, बरेचसे झाडे शोषून हवेत सोडतात, आणि उरलेल्यातलेही पुष्कळ भिंगाच्या कडांतून अखंडपणे समुद्रात झिरपते. शिवाय बेट जितके अरुंद, तितके भिंग पातळ. पाऊस थोड्या महिन्यांत पडतो, तहान मात्र बारा महिने लागते.

पाणी इतके वर असण्यात आणखी एक धोका आहे. शौचालयाचा शोषखड्डा आणि विहीर यांत अंतर थोडे असले, तर सच्छिद्र वाळूतून मैला सहज विहिरीत पोचतो.

यावर उपाय शोधले गेले आहेत. छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवणे हा सर्वांत साधा. दुसरा उपाय लक्षद्वीपची राजधानी कवरत्ती येथे २००५ साली सुरू झाला. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने तेथे रोज एक लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प उभारला. समुद्राच्या वरच्या थरातील कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ पुन्हा पाण्यात रूपांतरित करायची, ही त्याची युक्ती. पुढे इतर बेटांवरही असे प्रकल्प झाले. पण पंपांना वीज लागते आणि बेटांवर विजेसाठी बरेचसे डिझेल बोटीनेच आणावे लागते.

आणि बेटच झिजले तर? बंगारम बेटाशेजारचे 'परळी एक' हे निर्मनुष्य बेट १९६८ साली सुमारे ०.०३२ चौरस किलोमीटर होते. ते पूर्णपणे झिजून समुद्रात गेल्याचे २०१७ मध्ये संशोधनातून पुढे आले. लाटांचा मारा प्रवाळभित्ती झेलते, पण समुद्र तापल्यामुळे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये येथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर विरंजित झाले, म्हणजे पांढरे पडले. भित्ती दुबळी झाली की किनारा झिजतो, किनारा झिजला की बेट अरुंद होते, आणि बेट अरुंद झाले की भिंग पातळ होते. साखळीची कडी कशी कडीत अडकली आहे पाहा!

लक्षद्वीपला जाण्यासाठी परवाना लागतो आणि सगळी बेटे पर्यटकांना खुली नाहीत. यामागच्या कारणांचा विचार करताना हे पाण्याचे भिंग विसरू नका. कधी तेथे जाण्याचा योग आला, तर विहिरीत वाकून पाहा. भरतीच्या वेळी पातळी किंचित वर आणि ओहोटीच्या वेळी खाली गेलेली दिसेल, कारण ते पाणी समुद्रावर तरंगत आहे. आंघोळीला बसाल तेव्हा एका बादलीत भागवा. दुसरी बादली ज्या भिंगातून यायची, त्याच्यावरच तुमच्या यजमानांचा उन्हाळा निघायचा असतो.

जाता जाता एक प्रश्न : एका बेटावरील विहिरीची पातळी समुद्रपातळीपेक्षा ३५ सेंटिमीटर उंच आहे. नियमानुसार भिंगाचा तळ समुद्रपातळीखाली किती मीटरवर असेल? आणि पातळी ५ सेंटिमीटरने उतरली तर तो किती वर येईल?